बाई आज आल्या नाहीत, पण शाळा आहे

प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बदली शिक्षिका आहे. तुमच्यापैकी कुणाला रात्रीतून ताप भरतो, कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाला प्रशिक्षणाला जावं लागतं आणि सकाळी मला फोन येतो. तासाभरात मी तुमच्या टेबलाशी, तुमचाच खडू हातात घेऊन, तुमच्या मुलांसमोर उभी असते. या कामातलं माझं हे पहिलं वर्ष आहे. लहान मुलांच्या वर्गांवरच मी जाते आणि पुढेही जायचं आहे, म्हणून हे पत्र.

पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात मला सांगण्यात आलं, "तुम्हाला काही शिकवायची गरज नाही, फक्त मुलं सांभाळा." सांगणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. नवख्या माणसाला त्या धीर देत होत्या. पुढे हेच वाक्य मी निरनिराळ्या शाळांत निरनिराळ्या शब्दांत ऐकलं आणि आता मला ते पटत नाही. सात वर्षांच्या मुलासाठी तो दिवस शाळेचा पूर्ण दिवस असतो. रोजच्यासारखं दप्तर भरून ते येतं, केलेला गृहपाठ कुणीतरी बघावा म्हणून वही आधीच बाहेर काढून ठेवतं, काल अर्धवट राहिलेल्या गोष्टीत पुढे काय झालं ते त्याला ऐकायचं असतं. शिवाय मुलं नुसती सांभाळायची म्हटली तरी ती कोण आहेत, हे ठाऊक असावं लागतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बदली शिक्षकाचा दिवस वाया गेला की खापर त्याच्या नवखेपणावर फुटतं. माझ्या अनुभवात खरं कारण बहुतेक वेळा वेगळं निघालं. वर्ग कसा चालतो याची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते आणि नेमका तोच माणूस त्या दिवशी घरी असतो. ती माहिती कागदावर आणा, एवढंच मागायला मी लिहिते आहे. हा कागद किती महत्त्वाचा आहे हे पटावं म्हणून मला माझे काही दिवस सांगावे लागतील.

मुलांना ती माहिती तोंडपाठ असते. "आमच्या बाई असं नाही करत" हे वाक्य बदलीवर गेलेल्या प्रत्येकानं ऐकलेलं असेल. सुरुवातीला मला ते लागायचं. वाटायचं, मुलं मला जोखताहेत. मग एकदा मी चिडण्याऐवजी विचारलं, "बरं, मग बाई कसं करतात?" आणि पाच मिनिटांत मला त्या वर्गाचं सगळं तंत्र कळलं. पाणी प्यायला एकानं जायचं आणि तो परत आल्यावर दुसऱ्यानं. वह्या खिडकीच्या रांगेकडून गोळा व्हायच्या. बाईंनी दोन टाळ्या वाजवल्या की पेन्सिली खाली. मी तोवर पंधरा मिनिटं "शांत बसा, शांत बसा" म्हणत होते. त्या दोन टाळ्यांनी वर्ग गप्प झाला.

तेव्हापासून ते वाक्य मी तक्रार म्हणून ऐकत नाही. मुलं मला वाट दाखवत असतात. पण वर्ग चालवायची माहिती पुरवणं हे काम सात वर्षांच्या मुलांच्या अंगावर पडू नये. त्यांनाही त्याचा ताण येतो. तीन मुली एकाच वेळी तीन वेगळे नियम सांगायला लागतात, मग त्यांचं आपसांत भांडण लागतं आणि खरं सांगणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. हे मी पाहिलं आहे.

जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं वर्ग कसे चालतात याचा कित्येक वर्षं अभ्यास केला आणि 1970 साली तो पुस्तकरूपानं मांडला. मुलानं खोडी केल्यावर शिक्षक काय करतात, कसं रागावतात, कोणती शिक्षा देतात, यात चांगल्या चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वर्गांमधला फरक सापडेल असं त्याला वाटत होतं. तिथे तो सापडला नाही. फरक होता खोडी होण्याआधीच्या वेळात. एका कामातून दुसऱ्या कामाकडे वर्ग किती सहज वळतो, एका मुलाशी बोलताना बाकीच्यांकडे शिक्षकाचं लक्ष आहे का, आणि "बाईंना सगळं दिसतं" असं मुलांना वाटतं का, यावर सगळं अवलंबून होतं.

हे वाचलं आणि माझ्या फसलेल्या दिवसांचा अर्थ मला लागला. बदली शिक्षकाकडे नेमकं हेच नसतं. मला सगळं दिसत नाही. मागच्या बाकावरची कुजबुज रोजची आहे की आजची, हे मला कळत नाही. चित्रकला संपवून गणिताकडे वळताना रंगपेट्या कुठे जातात हे मला ठाऊक नसतं, आणि त्या रंगपेट्यांच्या चार मिनिटांतच वर्ग हातातून सुटतो. नवखा माणूस मग आवाज चढवतो. मीही चढवला आहे. याच कौनिनचा पॉल गम्प यांच्यासोबतचा बालवर्गांवरचा एक अभ्यास 1958 सालचा आहे. एका मुलाला दिलेली समज बघणाऱ्या इतर मुलांवर काय परिणाम करते, हे त्यांनी पाहिलं. काय करायचं ते नेमकं सांगितलं तर बघणारी मुलंही ऐकत. नुसतं कठोरपणे झापलं तर ती अस्वस्थ होत, पण जास्त नीट वागत नसत. आणि नेमकं सांगण्यासाठी, त्या वर्गात नेमकं काय अपेक्षित आहे हे मला आधी माहीत हवं ना?

आता गणिताचा एक तास सांगते. हा मी विसरणार नाही.

टेबलावर चिठ्ठी होती, "वजाबाकी पुढे घ्या." तेवढीच. मी फळ्यावर 52 वजा 27 मांडलं. लहानपणी मी शिकले तशी वजाबाकी करून दाखवली. दोनातून सात जात नाहीत, म्हणून वरच्या दोनाला दहा दिले, बारा झाले. वर दहा दिले म्हणून खाली दशकाच्या दोनात एक मिळवला, तीन झाले. बारातून सात गेले, पाच उरले. पाचातून तीन गेले, दोन उरले. उत्तर 25. मुलं माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या बाई दशक सुट्टा करून शिकवत होत्या. पाच दशकांतला एक सुट्टा केला, वर चार दशक उरले, एकक बारा झाले. बारातून सात गेले, पाच. चारातून दोन गेले, दोन. उत्तर तेच, 25. दोन्ही रीती बरोबर आहेत.

मग मी वह्या तपासल्या. काही मुलांनी त्यांच्या बाईंचं ऐकून वरच्या पाचाचे चार केले होते आणि माझंही ऐकून खालच्या दोनाचे तीन केले होते. चारातून तीन गेले, एक. त्यांचं उत्तर आलं 15. ही मुलं आळशी नव्हती, उलट सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारी होती. त्यांनी दोन मोठ्या माणसांचा मान ठेवला आणि गणित चुकलं. त्या चिठ्ठीवर "दशक सुट्टा करून" हे तीन शब्द असते तर हे टळलं असतं. मी त्या दिवशी फळा पुसून त्यांच्याच रीतीनं पुन्हा पाच गणितं घेतली, पण दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेला किती निस्तरावं लागलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता नव्या वर्गात मी काहीही मांडण्याआधी मुलांच्या वहीतलं शेवटचं लिहिलेलं पान बघते. हे माझ्यासारख्या नव्यानं सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. पाठ्यपुस्तक रीत सांगेल, पण हा वर्ग काल कुठवर आला ते मुलाच्या वहीतच कळतं.

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड आहे. एका वर्गात पुढच्या बाकावर डाव्या टोकाला बसणारा मुलगा शेजाऱ्याशी सारखा बोलत होता. "काय म्हणाल्या?" असं विचारत होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला ती बडबड वाटली. मी त्याला उठवून शेवटच्या बाकावर बसवलं. तो काही बोलला नाही, दप्तर उचलून गेला आणि दिवसभर गप्प राहिला. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुधारला. शाळा सुटताना दुसऱ्या एका शिक्षिकेनं विचारलं, "हा मागे कसा? त्याला एका कानानं ऐकू येत नाही." पुढच्या बाकाची ती जागा त्याच्यासाठी ठरवून दिलेली होती. सगळ्या शाळेला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यातला माझा दोष मी झटकत नाही. दुसऱ्या दिवशी मला तिथे बोलावणं नव्हतं, त्यामुळे त्या मुलाची क्षमाही मागता आली नाही. पण असं पुढच्या बदली शिक्षकाकडून घडू नये यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. बसण्याच्या जागांचा नकाशा टेबलात ठेवा, आणि ज्या जागा हलवायच्या नाहीत त्यांवर खूण करा. कारण लिहायला नको असेल तर लिहू नका, नुसती खूण पुरे.

तब्येतीची माहिती वेगळी. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कुणाला दमा आहे आणि पंप कुठे ठेवलेला आहे, कुणाला मधुमेह असल्यामुळे ठरलेल्या वेळी खावंच लागतं, हे मला पहिली घंटा होण्याआधी कळलं पाहिजे. खासगीपणाचा प्रश्न मी समजू शकते. मुलांची अशी माहिती टेबलावर उघडी पडलेली मलाही नको. कार्यालयातून ती माझ्या हातात द्या, सही घ्या आणि शाळा सुटल्यावर परत घ्या. पण खासगी आहे म्हणून ज्याच्या ताब्यात मुलं आहेत त्यालाच ती न देणं, हे मला भीतीदायक वाटतं.

शाळा सुटण्याची वेळ त्याहून कठीण. दारात तीसेक मोठी माणसं उभी असतात आणि त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नसतं. "मी याचा काका, आज मी न्यायला आलोय" असं कुणी म्हटलं तर मी कशावर विश्वास ठेवू? मुलगा हसत त्याच्याकडे धावला, एवढ्यावर? आईवडील वेगळे राहत असतील आणि कुणी न्यायचं हे ठरलेलं असेल, तर मला कुठून माहीत असणार? मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे की बदली शिक्षक असलेल्या वर्गाच्या दारात त्या वेळी एक तरी ओळखीचं माणूस उभं करा. शिक्षकच हवा असं नाही. शिपाई, मदतनीस, कार्यालयातलं कुणीही चालेल, चेहरे ओळखणारं हवं. दहा मिनिटांचं काम आहे. बाकीच्या सगळ्या मागण्या बाजूला ठेवल्यात तरी ही ठेवू नका.

आग लागली तर मुलांना कुठल्या जिन्यानं खाली न्यायचं आणि मैदानात कुठे उभं करायचं, हेही पहिल्याच मिनिटाला सांगण्याचं आहे. मला ते सांगणाऱ्या शाळा मोजक्या भेटल्या.

आणि आता मुलांच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. दारात पाऊल टाकलं की प्रश्न येतो, "आमच्या बाई कुठे आहेत?" लगेच दुसरा, "उद्या येणार का?" मोठ्यांना वाटतं, बाई नाहीत म्हणून मुलं खूश होत असतील. काही होतातही. पण पहिली-दुसरीतलं एखादं मूल तरी असं असतं, ज्याचा सगळा दिवस त्या एका माणसावर उभा असतो. एक मुलगी हजेरी होईपर्यंत दाराकडेच बघत बसली होती. नंतर तिनं विचारलं, "बाईंना काय झालंय?" मला माहीत नव्हतं. "मला माहीत नाही, पण मी विचारून सांगते" म्हटलं, आणि मधल्या सुट्टीत खरोखर विचारून आले. त्यांना सर्दी-ताप होता, दोन दिवसांनी येणार होत्या. तिला सांगितलं. तिनं डबा उघडला.

तेव्हा वर्गशिक्षकहो, रजा आधीपासून ठरलेली असेल तर मुलांना आदल्या दिवशी तुम्हीच सांगा. उद्या मी नसेन, दुसऱ्या बाई येतील, परवा मी परत येईन. तुमच्या तोंडून ऐकलेलं ते वाक्य माझ्या दिवसभराच्या समजुतीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. अचानक रजा पडली तर मुलांना काय सांगायचं, ते मला सांगून ठेवा. मी मनानं काहीतरी बनवून सांगणार नाही.

मुख्याध्यापकांकडे आणखी एक मागणी आहे, आणि ती माझ्यासारख्या नव्यांसाठी आहे. पहिल्यांदा एकट्यानं वर्गावर उभं राहण्याआधी आम्हाला एक दिवस एखाद्या चांगल्या शिक्षिकेच्या वर्गात मागे बसू द्या. मला ती संधी चार महिन्यांनी, योगायोगानं मिळाली. बोलावलं होतं, पण वर्गशिक्षिका ऐनवेळी हजर झाल्या, आणि परत पाठवण्याऐवजी त्यांनी मला वर्गात बसायला सांगितलं. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन, चार. मला ती शांतता सहन होत नव्हती, माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. चारच्या पुढे मागच्या बाकावरून एक हात वर आला. तोवर तो मुलगा एकदाही बोलला नव्हता.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एका सेकंदाच्या आसपास थांबतात, असं तिला आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांपर्यंत किंवा पुढे नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, आपणहून बोलणारी मुलं वाढतात, गप्प राहणं कमी होतं. मी चार महिने प्रश्न विचारून स्वतःच उत्तरं देत होते. नवख्याला वर्गातली शांतता म्हणजे आपलं अपयश वाटतं, म्हणून तो ती बोलण्यानं भरून काढतो. पुस्तकात वाचून मला हे जमलं नसतं. एक मुरलेली बाई शांतपणे थांबलेली डोळ्यांनी बघितली, तेव्हा जमलं.

कागदाबद्दल मी इतकं बोलले, तर तो कसा असावा तेही सांगते. एक पान पुरे. फाईल नको, वीस पानांच्या सूचना नकोत, सकाळच्या दहा मिनिटांत त्या वाचून होत नाहीत. दिवसाचं वेळापत्रक, वर्ग शांत करायची तुमची खूण, वह्या-रंगपेट्या-पाणी यांची रीत, प्रत्येक विषयात कुठवर आलात आणि कोणत्या रीतीनं शिकवता, अडचणीत मदत करतील अशी वर्गातली दोन मुलं आणि शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाचं नाव. "खोडकर मुलं" अशी यादी मात्र लिहू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ती यादी वाचली की मी त्याच चार चेहऱ्यांकडे संशयानं बघू लागते, आणि नवीन माणसासमोर नव्यानं वागून बघायची त्या मुलांची संधी मी हिरावून घेते. त्याऐवजी त्यांना काय दिलं की ती रमतात, ते लिहा. "याला फळा पुसायला द्या" या चार शब्दांनी एकदा माझा अख्खा दिवस तारून नेला आहे.

वर्षाच्या सुरुवातीला हे पान एकदा लिहायचं आणि विषयांपुढची ओळ आठवड्याला बदलायची. तापानं फणफणलेल्या माणसानं पहाटे उठून सूचना पाठवाव्यात, असं मी म्हणत नाही. ते पान टेबलात असलं तर आजारी माणसाला निवांत झोपता येईल.

माझ्या बाजूनं मी काय करते, तेही सांगायला हवं. आल्यावर फळ्यावर माझं नाव आणि दिवसाचा क्रम लिहिते, म्हणजे पुढे काय हे मुलांना कळतं. हजेरी घेताना नाव चुकीचं उच्चारलं तर मुलाकडून दुरुस्त करून घेते आणि डोकी मोजून पटाशी ताडून बघते. पिशवीत मोठ्यानं वाचायला एक गोष्टीचं पुस्तक ठेवते, कारण मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास गोष्टीनं सुरू केला की वर्ग जाग्यावर येतो. निघताना एक चिठ्ठी लिहून ठेवते. काय झालं, काय राहिलं, कुणाला काय समजलं नाही, कुणी मदत केली.

या चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं, ते मला कळत नाही. वर्षभरात एकदाच उत्तर आलं. त्याच शाळेत महिन्याभरानं पुन्हा गेले तेव्हा टेबलात माझ्या नावाची घडी होती. "तुम्ही लिहिलंत म्हणून त्या दोघींना परत गुणाकार समजावला. आता येतोय. पुढच्या वेळी गोष्ट अर्धी ठेवू नका, मुलं रोज विचारतात." ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. त्यातल्या शेवटच्या वाक्यानं मी एक गोष्ट शिकले. एका बैठकीत संपेल एवढीच गोष्ट आता मी निवडते. तुमचा राग असेल तोही लिहा. कालच्या दिवसात काय चुकलं हे मला सांगणारं दुसरं कुणी नसतं, कारण संध्याकाळी मी निघून जाते आणि परिणाम तुम्हाला दिसतात.

उद्याही कुठल्यातरी शाळेतून फोन येईल. मी घंटेच्या अर्धा तास आधी पोहोचते. ते पान टेबलाच्या कोणत्या खणात आहे आणि खणाची किल्ली कुणाकडे असते, एवढं कार्यालयात सांगून ठेवा.

आपली,
एक बदली शिक्षिका